पाटी सामाजिक, आत प्रेम!

देगलूर ओलांडून तेलंगणात शिरलात की कादंबरीला 'नवल' म्हणतात. उदगीरहून बिदरकडे वळलात तर मात्र ती 'कादंबरी'च राहते, कारण कन्नडनेही आपल्यासारखंच नाव उचललं आहे. आणि हे नाव मुळात कुणाचं? सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाच्या प्रेमकथेतल्या नायिकेचं. बाण गोष्ट पुरी करण्याआधीच गेला, उरलेला भाग त्याच्या मुलानं लिहिला. म्हणजे खुनाची असो, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची असो की पानिपताची, मराठीतली प्रत्येक कादंबरी एका प्रेयसीचं नाव लावून फिरते.

आणि तरी नांदेड-लातूरच्या एखाद्या वाचनालयात जाऊन 'प्रेमकादंबऱ्यांचं कपाट कुठंय?' असं विचारून बघा. सामाजिक सापडेल, ऐतिहासिक सापडेल, पौराणिक, ग्रामीण, रहस्यमय सगळं सापडेल. प्रेमाचं वेगळं कपाट सहसा नसतं. प्रेम आहे, भरपूर आहे, पण ते दुसऱ्याच्या पाटीखाली राहतं. आणि पाटी नुसती शोभेची नसते. कुठलं पुस्तक घरात उघडपणे न्यायचं आणि कुठलं ओढणीखाली लपवायचं, कुणावर समीक्षक लिहिणार आणि कुणाला 'वेळ घालवायला ठीक' म्हणून सोडून देणार, हे पाटी ठरवते. लेखकानं कुठं थांबायचं आणि कुठं धीटपणे पुढं जायचं, हेसुद्धा पुष्कळदा तीच ठरवते.

नाव वधाचं, गोष्ट रुसव्याची

आपल्या भागातल्या प्रेमकवितेचं वय मोजायचं तर पैठणपासून सुरुवात करावी लागते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली. सातशेच्या आसपास गाथा, आणि त्यातल्या कितीतरी गावाकडच्या बायकापुरुषांच्या ओढीच्या, रुसव्याच्या, चोरून भेटण्याच्या. या संग्रहाचं जुनं नाव 'गाहाकोस', म्हणजे गाथांचा कोश. इतकं प्रेम आणि वर पाटी कोशाची!

पण पाटीवरून झालेला खरा वाद परभणी जिल्ह्यातल्या बोरीच्या भास्करभट्टांचा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या महानुभाव कवीनं 'शिशुपाळवध' लिहिलं. नाव वधाचं, पण कवीचा जीव रमलाय श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या प्रणयकलहात. काव्य वाचून त्यांच्या गुरुबंधूनं सांगितलं, की ग्रंथ चांगलाच झाला, पण संसार सोडलेल्यांच्या कामाचा नाही. शृंगार जास्त झाला, एवढीच तक्रार. भास्करभट्टांनी ती मनावर घेतली आणि भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहून दिली, वैराग्याची.

या प्रसंगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गुरुबंधूनं काव्याला वाईट म्हटलं नाही. 'आपल्या वाचकांसाठी हे नव्हे' एवढंच म्हटलं. संपादक आणि प्रकाशक आजही लेखकाला हेच ऐकवतात, आणि लेखकही पुष्कळदा भास्करभट्टांसारखंच करतो, पुढचं पुस्तक पंक्तीला बसेल असं लिहितो. सुदैवानं आपल्याकडं दोन्ही ग्रंथ टिकले.

लग्न आधीच झालेलं, मग प्रेम आणायचं कुठून?

मराठी कादंबरीची सुरुवात १८५७ सालच्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून मानतात. विषय विधवांची अवस्था. चारच वर्षांनी, १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, पुरती अद्भुतरम्य. एकीवर 'सामाजिक' शिक्का बसला, दुसरीवर 'अद्भुत'. प्रेम गेलं दुसरीकडं. का गेलं, याचं उत्तर नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८च्या 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत देऊन ठेवलंय. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आपल्यात लग्नं लहानपणीच होऊन जातात, रोजच्या जगण्यात गोष्टीला लागणारं नवल कुठून येणार? ते कल्पनेतूनच आणायला हवं. विचार करा. मुलगी आठ वर्षांची, मुलगा बारा वर्षांचा, आणि सप्तपदी उरकलेली. भेट, ओढ, होकार, नकार यातलं काहीच घडायला जागा नाही. मग कादंबरीकार राजपुत्र, जंगल आणि वादळात फुटलेली जहाजं शोधणार नाही तर काय?

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यातल्या आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना नाव दिलं 'आजकालच्या गोष्टी'. साधी पाटी, पण तिनं लेखकावर मोठं बंधन घातलं, कारण आता राजपुत्र आणता येईना. मग हरिभाऊंनी प्रेम शोधलं ते लग्नाच्या आत. 'पण लक्षात कोण घेतो' आपण विधवेची करुण कहाणी म्हणून लक्षात ठेवतो. पण यमू आणि रघुनाथ या नवराबायकोची हळूहळू जुळत जाणारी मैत्री, त्यानं तिला शिकवणं, हा त्यातला सगळ्यात हळवा भाग आहे. मराठीतल्या नातेसंबंधांच्या कादंबरीचं मूळ मी तिथं मानतो.

पुढं १९२९ साली शारदा कायदा झाला, मुलीच्या लग्नाचं वय चौदा, मुलाचं अठरा. त्याच वर्षी ना. सी. फडके यांची 'दौलत' आली. कायद्यामुळं कादंबरी आली असं म्हणायचं नाही, पण शिकलेली, स्वतःचा जोडीदार स्वतः निवडू पाहणारी नायिका याच हवेत वाढली. एक तपशील आपल्यासाठी महत्त्वाचा. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे फडक्यांच्या नायिकेचं जग इथल्या वाचकापासून कायद्यानंही लांब होतं. फडक्यांवर 'कलेसाठी कला' आणि खांडेकरांवर 'जीवनासाठी कला' अशा पाट्या लागल्या आणि पिढ्यान् पिढ्या वाचक त्या दोन गटांत भांडत राहिले. गंमत म्हणजे प्रेमाचे त्रिकोण दोघांकडंही भरपूर. खांडेकरांची 'ययाति' तर देवयानी, शर्मिष्ठा आणि एका अतृप्त नवऱ्याची गोष्ट. पाटी पौराणिक. १९६० साली साहित्य अकादमी, १९७४ साली ज्ञानपीठ. हीच माणसं पुण्याच्या सदाशिव पेठेत राहत असती तर एवढा मान मिळाला असता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पंचवीस रुपयांची 'शामा'

आता या सगळ्यातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट.

१९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यातल्या स्त्रिया, एवढा विषय. त्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. भारतीय दंड संहितेचं कलम २९२. आरोपी तीन : मुद्रक-प्रकाशक, लेखक आणि पुण्यात अंक विकणारा. दंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथं लेखक आणि प्रकाशक दोषी ठरले. शिक्षा? प्रत्येकी २५ रुपये दंड.

पंचवीस रुपये भरून मोकळं होता आलं असतं. पण कपाळावर 'अश्लील' ही पाटी कायमची राहिली असती. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी जिंकले. न्यायालयानं गोष्ट पूर्ण वाचून ठरवलं, की यात कोवळ्या वयाच्या वाचकाला बिघडवणारं काही नाही, आणि समाजाची मापं काळाबरोबर बदलतात हेही ध्यानात घेतलं पाहिजे. आज वकिलीच्या विद्यार्थ्यांना अश्लीलतेचा कायदा शिकवताना हा निकाल समोर येतो. एका मराठी दिवाळी अंकातली कथा देशाच्या कायद्याचा भाग झाली.

आणि आता त्याच वर्षाचा दुसरा अर्धा भाग. डिसेंबर १९६९ मध्ये राज खोसलांचा 'दो रास्ते' झळकला. राजेश खन्ना, मुमताज, एकत्र कुटुंब, सावत्र आई आणि मुलांचं प्रेम. हा चित्रपट काकोडकरांच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवरचा! ऑगस्टपर्यंत ज्या लेखकाच्या अंगावर अश्लीलतेचा शिक्का, डिसेंबरात त्याचीच गोष्ट बघायला अख्खी कुटुंबं आजीसकट थिएटरात. माणूस तोच, लेखणी तीच. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात काकोडकरांना मिळालेली जागा मला फार तोकडी वाटते.

काटगावचा शिंपी आणि त्याची बायको

लातूर तालुक्यातलं काटगाव हे रा. रं. बोराडे यांचं गाव. त्यांची 'पाचोळा' १९७१ साली आली आणि तेव्हापासून तिच्यावर एकच पाटी आहे : ग्रामीण कादंबरी. पाटी चुकीची नाही. गाव आहे, गावातली सत्ता आहे, जुन्या धंद्यावर आलेलं संकट आहे. पण पुस्तक उघडलं की बोलतंय कोण? गंगाराम शिंप्याची बायको. सगळी गोष्ट तिच्या तोंडून, आपल्याकडच्या बोलीत. नवरा हट्टी, वाकणारा नव्हे, आणि त्याच्या ताठपणाची किंमत घर मोजतंय हे ती रोज बघते. तो चुकतोय हेही तिला दिसतं, तो तिचा आहे हेही सुटत नाही. चूल, मशीन, पोर, आणि दोघांच्यात वाढत जाणारा अबोला. संसारातल्या नात्याची इतकी खरी कादंबरी मराठीत थोडी आहे.

आता बघा पाटीनं काय केलं. 'ग्रामीण' म्हटल्यामुळं 'पाचोळा' अभ्यासली गेली, तिला मान मिळाला. हे पाटीचं देणं. पण नवराबायकोच्या नात्यावरचं काही वाचायचंय म्हणणारी वाचक 'ग्रामीण'च्या कपाटाकडं वळत नाही, आणि तिची व तिच्यासाठीच लिहिलेल्या पुस्तकाची चुकामूक होते. हे पाटीनं घेतलेलं मोल. बोराडे सर ११ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले. त्यानंतर त्यांच्यावर खूप लिहून आलं. 'पाचोळा' कुणी संसारकथा म्हणून वाचायला सांगितली असती तर मला जास्त आनंद झाला असता.

नांदेडचं उदाहरणही तितकंच बोलकं. कविता महाजन यांचा जन्म १९६७चा, नांदेडचा. 'ब्र' (२००५) आणि 'भिन्न' (२००७) या कादंबऱ्यांवर 'स्त्रीवादी', 'सामाजिक' असे शिक्के पडले. 'ब्र'मधली प्रफुल्ला आदिवासी भागात, ग्रामपंचायतीतल्या बायकांत काम करते हे सगळ्यांना आठवतं. ती मोडलेल्या संसारातून तिथं आली, हे दुसऱ्या दमात सांगितलं जातं. आणि मग २०११ साली त्यांनी 'कुहू' लिहिली, एका पक्ष्याच्या आणि माणसाच्या मुलीच्या प्रेमाची गोष्ट. सोबत चित्रं, आवाज, संगीत. ती वाचकांपुढं आली 'मल्टिमीडिया कादंबरी' म्हणून. निखळ प्रेमकथा, तिलाही पाटी मिळाली तंत्राची!

नांदेडनंच मराठी कादंबरीला एक मोठा वाचक दिला, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर. मराठी कादंबरीच्या वाटचालीवर त्यांनी 'धार आणि काठ' लिहिलं. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'साठी त्यांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं आहे आणि कादंबरीइतकंच तेही आवडीनं वाचलं जातं. ऐतिहासिक कादंबरीला असा पाठीराखा मिळाला. प्रेमकादंबरीच्या वाट्याला तो मान सहसा आला नाही.

बायंडिंगच्या आत

वाचनालयातली जुनी कादंबरी हातात घेऊन नीट बघा. मूळ मुखपृष्ठ गेलेलं असतं. जाड पुठ्ठा, वर रेक्झिन किंवा खाकी कागद, पाठीवर चिकटवलेला एक क्रमांक. चित्र नाही, मलपृष्ठावरची ओळख नाही, प्रकाशकानं लावलेली पाटी नाही. शेवटच्या पानावर मात्र तारखांचा कागद असतो, एकावर एक शिक्के मारलेला. जागा संपली म्हणून त्यावर दुसरा कागद डकवलेला असला की समजावं, पुस्तक चालतंय. आणि आत कुठंतरी पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात, आधीच्या कुण्या वाचकानं लिहिलेलं असतं, की छान आहे, जरूर वाचा. ग्रंथपालाला न जुमानता लिहिलेली ती ओळ मला कुठल्याही परीक्षणापेक्षा भरवशाची वाटते.

ज्या ग्रंथालयांत ड्युईची दशमान पद्धत पाळतात तिथं मराठी कथा-कादंबरीचा आकडा ८९१.४६३. प्रेमाला त्यात वेगळा आकडा नाही. बाबूराव अर्नाळकरांचा खुनी आणि व. पु. काळ्यांचा 'पार्टनर' एकाच आकड्यात नांदतात. तिकडं इंग्लंडात मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ साली निघाली तेव्हा ती सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, जॅक लंडन आणि वुडहाऊससुद्धा. १९३०च्या दशकात भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांकडून प्रेमकथांना मागणी आली, आणि त्यांची तपकिरी बांधणीच ओळख होऊन बसली. लेखिकेचं नाव न बघता बायका 'ती तपकिरी पुस्तकं' मागायच्या.

हिंदीतला अनुभव नांदेडकरांना सांगायला नको. स्टेशनावरच्या स्टॉलवर पॉकेट बुक घेणाऱ्या कुणालाही दोन पाट्या पाठ असायच्या : जासूसी आणि सामाजिक. 'सामाजिक उपन्यास' म्हणजे गुलशन नंदा, आणि गुलशन नंदा म्हणजे प्रेम! सिनेमातही तेच. 'मेरे महबूब', 'चौदहवीं का चाँद' या प्रेमकथांची वर्गवारी 'मुस्लिम सोशल'.

शेवट गोड हवा की नको?

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं प्रेमकादंबरीसाठी दोन अटी ठेवल्या : गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधान देणारा, उमेद देणारा हवा. तिथं पाटी म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. तो मोडला तर वाचक चिडतात.

या अटी आपल्या पुस्तकांना लावून बघा. रणजित देसाईंची 'स्वामी' बाद. थेऊरला १७७२ साली माधवराव क्षयानं गेले आणि रमाबाई सती गेल्या, इतिहास बदलणार कसा? तरी 'स्वामी' संपवताना रडलेल्या वाचक बाईला विचारा, ती राजकारणासाठी रडली की रमेसाठी. १९३९ सालची विश्राम बेडेकरांची 'रणांगण'ही बाद. नाव युद्धाचं, पण घडतं जहाजावर, मराठी चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून निसटलेली ज्यू हॅर्टा यांच्यात. शेवट होरपळून टाकणारा. बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई म्हणजे 'विभावरी शिरूरकर'. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं तेव्हा शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण, म्हणून महाराष्ट्र ढवळून निघाला होता. पाटी म्हणून टोपणनाव निवडलेल्या त्या लेखिकेचं आणि 'रणांगण' लिहिणाऱ्याचं घर एकच.

मला दोन्ही हवं आहे. शेवटाची हमी नसल्यामुळंच मराठी लेखकाला 'रणांगण' लिहिता आलं, हे खरं. पण दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या बाईला गोड शेवट आधी माहीत असावासा वाटला, तर तिची आवड हलकी ठरवायचा अधिकार कुणालाही नाही.

लांबीची पाटी, फोनवरची पाटी

काही पाट्या विषयाच्या नसतात, लांबीच्या असतात. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष भारत सासणे. त्यांची ओळखच दीर्घकथाकार. (नांदेडला १९८५ साली संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष शंकर पाटील होते, ग्रामीण कथेचे.) कथेहून मोठी, कादंबरीहून छोटी ही जागा दिवाळी अंकांनी जपली आणि नातेसंबंधांना ती फार मानवली. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'मध्ये अशाच तीन गोष्टी आहेत, प्रौढ बाईच्या प्रेमाच्या आणि एकटेपणाच्या. पाचशे पानांत त्या पातळ झाल्या असत्या, दहा पानांत गुदमरल्या असत्या.

'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांसाठी आलेली पोरं आता जीवशास्त्राच्या पुस्तकात कादंबरी लपवत नाहीत. गोष्ट फोनमध्ये असते. बंगळुरूच्या 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी मराठीत भागाभागानं कादंबऱ्या येतात, आणि तिथं 'प्रेम' हा राजरोस वर्ग आहे, कपाटाच्या मागं दडवलेला नाही. पाटी लावते खुद्द लेखिका, प्रकाशक नव्हे. मुखेड किंवा औशातून लिहिणारीला पुण्याच्या संपादकाची वाट बघावी लागत नाही. मात्र ही पाटी लावली की वाचकांचे हक्क लगेच सुरू होतात. प्रत्येक भागाखाली वाचक लिहून मोकळे होतात : दोघांची भेट कधी, गैरसमज किती ताणणार, तिला रडवू नका. गोष्ट अर्ध्यावर असतानाच शेवट मागितला जातो, आणि तो द्यायचा की नाही हे लेखिकेला पुढचा भाग टाकायच्या आत ठरवावं लागतं.